मोबाइल जे शिकवीत नाही



तांदळाला पोरकिडे होऊ नयेत म्हणून काय करावं, पावसाळ्यात दारामागे वाळत घातलेल्या कपड्यांचा कुबट वास कसा घालवावा, अशा गोष्टी आपण या पानावर दर आठवड्याला बोलतो. आजचा विषयही घरातलाच आहे. फरक एवढाच, की तो घरात कोणी बोलत नाही. थोडं वाचून काही जणींना पान उलटावंसं वाटेल. उलटू नका. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर अंक जरा तिरपा धरा, पण शेवटपर्यंत वाचा.

एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापत नाही. पत्र आमच्या या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातलं आहे एवढंच सांगते. आणि आमच्याकडची गावं एवढी लहान, की एवढं सांगणंसुद्धा पुष्कळ झालं. त्या लिहितात:

‘बाई, सप्रेम नमस्कार. तुम्ही शाळेत शिकवता म्हणून तुम्हांलाच विचारते. माझा थोरला बावीस वर्षांचा आहे, चाकणला कंपनीत कामाला आहे. आवणीला घरी आला होता. पोरगा गुणी आहे, पगारातले निम्मे घरी देतो. त्याचा मोबाइल चार्जिंगला लावायला म्हणून हातात घेतला, तर त्यात जे चालू होतं ते पाहून माझे हातपायच गळाले. ब्लू फिल्म होती. पण तीत बाई नव्हती, दोन्ही पुरुषच. मी कोणापाशी बोलले नाही. ह्यांना कळलं तर त्याला घराबाहेर काढतील. हे बघून बघून तो असा झाला का? हा काही आजार आहे का? त्याला तो एड्स होईल का? त्याच्या मामांनी एक स्थळ आणलंय. लग्न उरकून टाकलं तर सगळं सुरळीत होईल का? रात्रीची झोप लागत नाही. उत्तर लौकर द्या.’

ताई, तुमचे प्रश्न चार आहेत. चारही सरळ विचारलेत, तेव्हा उत्तरंही सरळच देते.

पण आधी एक सांगू द्या. असले प्रश्न छापायचे कशाला, असं काही जण म्हणतील. महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढलं. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्री-पुरुष संबंध यांवर ते उघड लिहीत आणि वाचकांच्या शंकांना उत्तरं छापीत. १९३४ साली या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलं होतं हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयी. कर्व्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तरी १९५३ साली ते जाईपर्यंत मासिक चालू राहिलं. म्हणजे मराठी माणसं हे प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीही विचारीत होती आणि उत्तर देणारे दंड भरून उत्तर देत होते. आज तर दंडही नाही. मग आपण कशाला गप्प बसायचं?

आता पहिला प्रश्न. हे बघून बघून तो असा झाला का?

नाही. चित्रफीत पाहून कोणी समलिंगी होत नाही. ज्याची ओढ जिकडे असते, तो तिकडचं पाहतो. आमच्या घाटघरला वीज येण्याआधीही जगात अशी माणसं होतीच, तेव्हा कुठे मोबाइल होता? उलट दुसरी बाजूही सांगते. एका चित्रफितीवरून मुलाचा निकाल लावून मोकळ्या होऊ नका. कुतूहलापोटीही माणसं काय काय पाहतात. तो कसा आहे हे सांगण्याचा हक्क त्याचा आहे. त्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला तो सांगेल.

आणि पोलिसांची भीती मनात असेल तर तीही काढून टाका. सज्ञान माणसाने खाजगीत असं काही पाहणं हा गुन्हा नाही. ते दुसऱ्यांना पाठवणं, पसरवणं मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. आणि लहान मुलांचं असलं काही असेल तर ते नुसतं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. घरातल्या सगळ्याच मुलांच्या कानावर हे घालून ठेवा.

दुसरा प्रश्न. हा आजार आहे का?

हेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढून टाकलं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने, खाजगीत ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत ते जुने ३७७ कलमच नाही. ‘मुलाला बदलून देतो’ म्हणणारे काही डॉक्टर भेटतात. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तेव्हा ताई, डॉक्टरकडे बदलायला नेऊ नका आणि भगताकडे उतरवायलाही नेऊ नका. पैसे जातील, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलगा जाईल.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. त्याला एड्स होईल का?

आजार चित्रफितीतून होत नाही, विषाणूमुळे होतो. पण चित्रफितीचा आणि आजाराचा अगदीच संबंध नाही असंही म्हणता येणार नाही. हा संबंध नीट समजून घेऊ या, कारण सगळी मेख इथेच आहे.

मुलाला या गोष्टी शिकवतं कोण? शाळेत प्रजननाचा धडा आला की तो ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे. मुलींना पाळीविषयी निदान आशाताई सांगतात, आई सांगते. मुलांना कोणीच काही सांगत नाही. आणि ज्याला मुलगेच आवडतात त्याने तर कोणाला विचारावं? मित्रांत विषय निघाला तर चेष्टेचाच निघतो.

एवढंच नाही. सरकारने १९६८ साली निरोध आणला तो कुटुंबनियोजनासाठी. लाल त्रिकोण, नवराबायको आणि दोन मुलं, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या मनावर ठसलेलं आहे. त्यामुळे निरोध म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून, एवढाच अर्थ घरोघर पोचला. समलिंगी मुलगा काय समजेल? इथे दिवस राहायचा प्रश्नच नाही, मग निरोध कशाला? पोराचा हिशेब चुकीचा नाही. त्याला सांगितलंच अर्धं आहे.

उरलेलं अर्धं सांगायला मग मोबाइल येतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून मोबाइल घरोघर आला आणि रेंजसाठी मुलं टेकाडावर जाऊन बसू लागली, ते आपण पाहिलंच आहे. आमच्या गावाशेजारी नाणेघाट आहे. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जुन्या काळी घाट चढून येणाऱ्या मालाची जकात त्यात टाकीत, असं सांगतात. मोबाइलच्या वाटेने येणाऱ्या मालाला मात्र कसलाच नाका नाही. सरकारने २०१८ साली ८२७ संकेतस्थळं बंद करायला लावली, पण एक वाट बुजवली की पाणी दुसरीकडून येतंच. तेव्हा घरात बोलणारं माणूस असणं, हाच काय तो नाका.

आता या चित्रफितींत काय दाखवतात आणि काय नाही? टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमात कांदा आधीच चिरलेला असतो, मसाला वाटलेला असतो, आणि नंतरची भांडी कोण घासतं ते कधीच दिसत नाही. तसंच हे. दोन माणसांनी एकमेकांना ‘तुला चालेल का’ विचारलेलं दिसत नाही. कोणी ‘नको’ म्हटलेलं आणि दुसऱ्याने ते ऐकलेलं दिसत नाही. दुखलं, थांबले, असं दिसत नाही. रक्ताच्या तपासण्या दिसत नाहीत. आणि बहुतेक वेळा निरोधही दिसत नाही.

यालाही इतिहास आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत एड्सने कितीतरी समलिंगी पुरुष गेले. त्यानंतर तिथल्या समलिंगी पुरुषांसाठीच्या चित्रपटांत निरोध वापरण्याची रीत पडली. पुढे औषधं निघाली, भीती ओसरली, इंटरनेट आलं आणि निरोधाशिवायच्या चित्रफिती पुन्हा भराभर पसरल्या. शेवटी नोव्हेंबर २०१२ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात लोकांनी मतदान करून असा नियम केला, की असल्या चित्रपटांत काम करणाऱ्यांनी निरोध वापरलाच पाहिजे. तिकडे काम करणाऱ्यांच्या ठरावीक दिवसांनी तपासण्या होतात, काही जण प्रतिबंधक गोळ्या घेतात. पाहणाऱ्या पोराला हे कसं कळावं? तो समजतो, असंच करायचं असतं.

मग पाहिल्याने मुलं बिघडतात का? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १,४०० अशा पुरुषांना विचारून २०१३ साली एक अभ्यास छापला. त्यातले जवळजवळ सगळेच असल्या चित्रफिती पाहणारे होते. किती पाहिलं याचा आणि धोक्याच्या वागण्याचा एकूण संबंध दिसला नाही. पण निरोधाशिवायचं जे जास्त पाहत, त्यांच्यात धोका पत्करण्याचं प्रमाण जास्त आढळलं. आता पाहून तसं वागू लागले, की मुळात तसं वागणारे तसलंच पाहतात? बीज आधी की झाड आधी, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. तेव्हा ‘सगळा मोबाइलचा दोष’ म्हणूनही चालणार नाही, आणि ‘बघितल्याने काय होतंय’ म्हणूनही नाही. २०१५ साली तिथल्याच काही तरुण कृष्णवर्णीय मुलांशी बोलून केलेला दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांना ओढ असणाऱ्या त्या मुलांनी या गोष्टी चित्रफितींतूनच शिकल्याचं सांगितलं. वाचताना मला तर आपल्याकडचंच वाटलं.

तात्पर्य काय? मोबाइल अर्धा धडा शिकवतो. तो हिसकावून घेतला म्हणजे उरलेला अर्धा धडा येत नाही. तो कोणीतरी सांगावाच लागतो.

तर तो अर्धा धडा आता सांगते. शब्द नीट वाचा, लाजू नका. आपण बायका बाळंतपणाच्या गोष्टी चारचौघीत बोलतोच की.

गुदद्वाराच्या आतलं अस्तर पातळ आणि नाजूक असतं. तिथे निसर्गतः ओलावा नसतो, त्यामुळे बारीक चिरा पडतात आणि विषाणूला शिरायला वाट मिळते. निरोध किंवा औषधं नसताना, जोडीदाराला लागण असेल तर, योनीमार्गाच्या दर १०,००० संबंधांमागे साधारण ८ वेळा स्त्रीला लागण होते असा अंदाज आहे. गुदमार्गाने संबंध स्वीकारणाऱ्याच्या बाबतीत हाच आकडा १३८ आहे. हे स्त्री-पुरुषांमध्ये झालं तरी तेवढंच खरं, बरं का. म्हणजे धोका कोणावर प्रेम केलं यात नाही, शरीराच्या रचनेत आणि खबरदारी न घेण्यात आहे. २०२१ च्या सरकारी पाहणीप्रमाणे भारतातल्या सर्व प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण १०० मागे ०.२१ होतं, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते ३.२६ होतं. पंधरा पट. पण हेही पाहा, की १०० मधल्या जवळजवळ ९७ जणांना लागण नव्हती. ‘असा आहे म्हणजे एड्स होणारच’ हे साफ खोटं आहे.

आता खबरदारी. वहीत उतरवून घ्या.

१. निरोध प्रत्येक वेळी. दिवस राहण्यासाठी नव्हे, आजारासाठी. सरकारी आरोग्य केंद्रांत तो फुकट मिळतो.

२. त्याबरोबर तेल लावायचं नाही. खोबरेल, व्हॅसलीन, तूप, क्रीम, काहीही नाही. रबराला तेल लागलं की ते कमजोर होतं, आणि निरोध रबराचाच असतो, तो फाटतो. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारं वंगण, म्हणजे जेल, मिळतं. तेच वापरायचं. त्याने चिरा पडण्याचा धोकाही कमी होतो.

३. तपासणी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असतं. लोक त्याला आयसीटीसी म्हणतात. तिथे तपासणी फुकट होते, आधी समुपदेशक बोलतात, मग रक्त घेतात. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर ती तपासणीत दिसत नाही. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची. ज्याचे संबंध चालू आहेत त्याने दर तीन ते सहा महिन्यांनी करावी. ‘मागे एकदा केली होती’ हे उत्तर नव्हे.

४. नुसती एचआयव्हीची तपासणी पुरत नाही. गर्मी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया, हेही आजार आहेत. दोन्ही वेळेवर औषध घेतलं तर बरे होतात. गर्मीचा फोड दुखत नाही आणि आपोआप जातो, म्हणून माणूस फसतो. आजार आतच राहतो. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये यांची तपासणी आणि उपचार होतात. कावीळ ब वर लस आहे, तीही घ्यावी.

५. निरोध फाटला, किंवा कोणी जबरदस्ती केली, तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठायचं. जेवढं लवकर तेवढं बरं. २८ दिवसांच्या गोळ्या देतात, त्याने लागण टळू शकते. चौथ्या दिवशी गेलं तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. हा एक मुद्दा तरी तोंडपाठ करा.

६. ज्याला धोका वारंवार आहे त्याच्यासाठी आधीपासून घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही निघाल्या आहेत. त्यांना प्रेप म्हणतात. रक्त तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच त्या सुरू करायच्या. एचआयव्ही त्या टाळतात, गर्मी-परमा टाळत नाहीत, म्हणून निरोध सोडायचा नाही.

७. अनोळखी माणसाला भेटायला एकटं आडबाजूला जायचं नाही, दारू पिऊन तर नाहीच. मोबाइलवर ओळख करून, चित्रण करून पैसे उकळणाऱ्या टोळ्या असतात. ‘घरी सांगीन’ ही त्यांची एकच धमकी. तिला भिऊन पैसे देत बसायचं नाही. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे. आणि हे ध्यानात घ्या ताई: घरी कळण्याची भीती जेवढी मोठी, तेवढी त्या टोळीची कमाई मोठी. ज्या मुलाची आई त्याच्या बाजूची आहे, त्याला लुबाडणं अवघड असतं.

आणि समजा लागण झालीच, तर? तरीही जग बुडत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकार एचआयव्हीची औषधं फुकट देतं. रोज नेमाने गोळी घेणारा माणूस नोकरी करतो, शेती करतो, म्हातारा होतो. औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्याच्यापासून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता पक्कं ठरलं आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल बाहेर फोडता येत नाही, आणि या कारणावरून नोकरीवरून काढता येत नाही. चाकणच्या कंपनीलाही हा कायदा लागू आहे.

आता चौथा प्रश्न. लग्न उरकून टाकलं तर?

ताई, इथे मी थोडी कडक बोलणार आहे, राग मानू नका. लग्न म्हणजे औषध नव्हे. वाढत्या तापावर हळद लावून ताप उतरत नाही, हळदीचे डाग मात्र पडतात. मामांनी आणलेली मुलगीही कोणाची तरी लेक आहे. ती काय स्वप्नं घेऊन येईल आणि तिच्या वाट्याला काय येईल? वर्षभरात पाळणा हलला नाही तर बोल कोणाला लागेल? तिलाच. नवऱ्याचे चोरून कुठे संबंध राहिले आणि त्याने ना निरोध वापरला ना तपासणी केली, तर आजार कोणाला येईल? तिलाच, आणि कदाचित तिच्या बाळालाही. ती बिचारी तपासणीला तरी कशी जाणार? तिला धोका आहे हेच तिला माहीत नसणार. मोबाइलमधल्या पुरुषांनी त्या मुलीचं काही वाईट केलं नाही. आपण गप्प राहून ते स्थळ पक्कं केलं, तर मात्र केलं.

म्हणून मामांना सांगा, ‘मुलाची अजून इच्छा नाही, घाई करू नका.’ हे खोटंही नाही. आणि मुलाला एकदा तरी खाजगीत विचारा, ‘तुला लग्न करायचं आहे का?’ तो ‘नाही’ म्हणाला तर ‘का’ म्हणून मागे लागू नका. नाही म्हणता येतं, आणि ते ऐकलं जातं, हे त्याला घरात कळू द्या. चित्रफितीत न दिसणारी ही पहिली गोष्ट तो आईकडून शिकेल.

बाकी धडा त्याला कसा सांगायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. आईने बावीस वर्षांच्या मुलाला निरोधाविषयी सांगायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटते, हे मला समजतं. मोबाइलचा विषय मुळीच काढू नका. पुन्हा उघडून पाहू नका. ‘मी पाहिलं’ म्हटलंत की तो शरमेने दूर जाईल, आणि दूर गेलेल्या मुलाला काही सांगता येत नाही. हा अंकच त्याच्या अंथरुणाशी ठेवा, या पानावर उघडून. काही बोलू नका. फार तर पुढच्या वेळी चाकणला निघताना एवढंच म्हणा: ‘बाळा, तुझं जे काही असेल ते असेल, तू माझाच आहेस. तब्येत जप. काही झालं तर लपवू नकोस, मला फोन कर.’ एवढ्या शब्दांना काही शिक्षण लागत नाही.

त्याच्या वडिलांना सांगू का, हा प्रश्नही येईल. मुलाच्या परवानगीवाचून सांगू नका. ते घराबाहेर काढतील असं तुम्हीच लिहिलं आहे. घराबाहेर काढलेला मुलगा रात्री कुठे जाईल, कोणाच्या हाती लागेल, हा विचार करा. आजारापेक्षा तो धोका कमी नाही.

त्याला आणखी कोणाशी बोलावंसं वाटलं तर वाटा आहेत. एचआयव्हीविषयी १०९७ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. मन फार खचलं असेल, झोप येत नसेल, तर टेलीमानसचा १४४१६. ताई, हा दुसरा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. मुंबईत १९९० साली अशोक रावकवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी लोकांसाठीचं नियतकालिक सुरू केलं, आणि १९९४ पासून त्यांचा हमसफर ट्रस्ट समलिंगी पुरुषांच्या आरोग्यासाठी काम करतो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला. समलिंगी मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी त्यांनी सोप्या मराठीत पुस्तकंही लिहिली. म्हणजे या वाटेने आधी गेलेली माणसं आहेत, आणि ती मराठी बोलतात.

ज्या मैत्रिणींना वाटतं की हा विषय आपल्या घरचा नाही, त्यांनाही एक विनंती. वरची सात कलमं पुन्हा एकदा वाचा. त्यातली बरीचशी तुमच्या मुलाला, जावयाला, नवऱ्याला आणि तुम्हांला स्वतःलाही लागू आहेत. आणि घरात टीव्हीवर दोन पुरुषांची काही बातमी आली की जी टवाळी होते, ती तेवढी बंद करा. कोपऱ्यात बसून जेवणारा कोणता मुलगा ती ऐकतो आहे, हे आपल्याला माहीत नसतं. टवाळी ऐकली की तो ठरवून टाकतो, या घरात विचारायचं नाही. मग तो मोबाइललाच विचारतो.

पत्र लिहिणाऱ्या ताई, तुम्ही रात्र रात्र जागून का होईना, पण विचारलंत. तुमच्या मुलाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पुढे काय झालं ते जमेल तेव्हा कळवा. नाव नाही घातलं तरी चालेल, अक्षर मी ओळखीन.

पुढच्या आठवड्यात: नव्या तांदळाचा भात चिकट का होतो, आणि तो मोकळा करण्याच्या तीन युक्त्या.